वीतभर जाडीचं फळझाड

पॅरिसच्या पूर्वेला लागूनच मोंत्रई नावाचं गाव आहे. आता ते शहराचंच उपनगर झालंय. तिथल्या बागायतदाराचं हत्यार म्हणजे नुसती कात्री नव्हे. हातोडी, खिळे आणि जुन्या कापडाच्या चिंध्या हा त्याचा खरा सरंजाम. पीचच्या झाडापुढे उभं राहून तो एकेक काडी हातात घ्यायचा, तिला हवी ती दिशा द्यायचा, चिंधीचा सैलसर फेर तिच्याभोवती घ्यायचा आणि चिंधीची दोन्ही टोकं एकत्र धरून भिंतीच्या गिलाव्यात खिळा ठोकायचा. खिळा चिंधीतून जायचा. काडीला लागायचा नाही, काचायचाही नाही. झाडाची प्रत्येक काडी अशी एकेक करून भिंतीवर बसवली, की पाच-सहा मीटर रुंद, भिंतीएवढं उंच आणि जेमतेम वीतभर जाडीचं झाड तयार व्हायचं. पंख्यासारखं पसरलेलं, आणि खालपासून वरपर्यंत फळांनी भरलेलं.

झाडाला असं एका पातळीत पसरवून वाढवण्याच्या पद्धतीला एस्पॅलियर म्हणतात. आपल्याकडे हा शब्द फारसा ऐकू येत नाही. पण घरामागे चार हात रुंदीची पट्टी, कंपाउंडची भिंत आणि फळझाडाची हौस एवढंच ज्याच्यापाशी आहे, त्याने ही पद्धत समजून घेण्याजोगी आहे. समजून घेण्याजोगी अशासाठी म्हणतो, की नुसती नक्कल केली तर ती फसते. झाड कुठल्या कारणाने फळतं आणि कुठल्या कारणाने नुसतंच माजतं, हे कळल्याशिवाय तारा ताणून उपयोग नाही.

मोंत्रईच्या भिंती दगड, माती आणि जवळच्या खाणीतल्या जिप्समपासून केलेल्या प्लास्टरच्या होत्या. उंची अडीच-पावणेतीन मीटर. बहुतेक भिंती उत्तर-दक्षिण धावणाऱ्या, म्हणजे एका अंगाला सकाळचं ऊन आणि दुसऱ्या अंगाला दुपारचं. पीच हे लवकर फुलणारं झाड. पॅरिसच्या हवेत वसंताच्या सुरुवातीला फुलं उमलतात आणि त्यानंतरही रात्री दहिवर गोठतं. फूल गोठलं की त्या वर्षीचं फळ गेलं. दिवसभर तापलेली भिंत रात्री ती ऊब हळूहळू परत द्यायची आणि अंगाला चिकटलेली फुलं वाचायची. भिंतीच्या माथ्यावर छोटी वळचण असायची. थंडीच्या रात्री तिच्याखाली गवताच्या चटया टांगायच्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भिंतींची एकूण लांबी सुमारे ६०० किलोमीटरपर्यंत गेली होती आणि भर हंगामात इथून १ कोटी ७० लाखांच्या घरात पीच निघत, असं सांगितलं जातं. मग रेल्वे आली. दक्षिण फ्रान्समधली, भिंतीशिवाय पिकलेली स्वस्त फळं एका रात्रीत पॅरिसच्या बाजारात येऊ लागली, शहर वाढलं, जमिनीला भाव आला. आज त्यातल्या थोड्याच भिंती उरल्यात आणि २००३ मध्ये साडेआठ हेक्टरच्या पट्ट्याला कायद्याचं संरक्षण मिळालं.

याच परंपरेचं राजेशाही रूप व्हर्सायला बघायला मिळतं. चौदाव्या लुईसाठी जाँ-बातीस्त द ला कँतिनी या माळ्याने १६७८ ते १६८३ या काळात तिथे ‘राजाचा भाजीमळा’ उभा केला. ला कँतिनी मुळात वकील. झाडांच्या नादाने वकिली सोडलेला. त्याला मिळालेली जागा म्हणजे दुर्गंधी येणारी दलदल. ती भरून, निचरा काढून, सुमारे ९ हेक्टरमध्ये त्याने उंच भिंतींचे लहान-लहान वाडे केले आणि प्रत्येक भिंतीच्या तोंडाप्रमाणे तिच्यावर वेगळी फळं चढवली. राजाला अंजीर फार प्रिय. पॅरिसच्या हवेत जूनमध्ये अंजीर ताटात वाढणं ही तेव्हा चमत्कारासारखी गोष्ट होती आणि तो चमत्कार भिंतींच्या जोरावर घडत होता. त्याचं पुस्तक १६९० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी निघालं. मळा अजून आहे, त्यातली नाशपाती आणि सफरचंदाची झाडं आजही तारांवर बांधलेली आहेत.

इतिहास वाचताना एक गैरसमज सहज होतो. भिंतीमुळे फळ येतं असं वाटतं. भिंत ही थंड देशातली सोय होती. फळाचं कारण झाडाच्या आत आहे. ते कारण फांदीच्या कोनात आणि काडीच्या वयात सापडतं. एस्पॅलियरची सगळी विद्या या दोन गोष्टींभोवती फिरते.

आधी कोन. सरळ उभ्या वाढणाऱ्या कुठल्याही फुटीकडे बघा. सगळा जोर शेंड्याला. खालचे डोळे पानांच्या बगलेत तसेच मुके. शेंडा कापला की दोन-तीन आठवड्यांत वरचे दोन-चार डोळे फुटतात. शेंड्याचं हे वर्चस्व माळ्यांना पूर्वीपासून माहीत होतं. त्यामागचं रसायन १९३०च्या दशकात केनेथ थिमन आणि फोक स्कूग यांनी दाखवलं. शेंड्याची कोवळी पानं ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार करतात, ते खोडातून खाली वाहतं आणि बगलेतले डोळे दाबून ठेवतं. शेंडा खुडून त्या जागी ऑक्झिन लावलं, तर शेंडा नसूनही डोळे झोपलेलेच राहतात. पुढे या चित्रात बरीच भर पडली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वाटाण्यावरच्या एका संशोधनात असं आढळलं, की शेंडा तुटताच पहिला इशारा साखरेचा असतो: शेंडा जी साखर ओढून घेत होता ती एकदम बगलेच्या डोळ्यांना मिळू लागते आणि ऑक्झिन कमी होण्याआधीच ते हलू लागतात. म्हणजे जुने माळी ‘रस कुठे जातो ते बघ’ असं जे म्हणत, त्यात बरंच तथ्य होतं.

आता ती उभी फूट आडवी करा. शेंडा सगळ्यात उंच राहत नाही, त्याची ओढ कमी होते. फांदीची लांबी वाढण्याचा वेग मंदावतो आणि तिच्या सगळ्या लांबीवरचे डोळे थोडेथोडे जागे होतात. प्रत्येकातून लांबलचक फांदी न येता आखूड, जाडसर फूट येते. सफरचंद-नाशपातीत नेमक्या अशाच आखूड फुटींवर फुलाचे डोळे बसतात. लाकूड वाढवण्यावर होणारा खर्च फुलांकडे वळतो तो इथे.

एक बारकावा मात्र हाताने काम करताना फार महत्त्वाचा ठरतो. फांदी आडवी करताना ती कमानीसारखी वाकली, मधे उंच आणि टोकाला खाली अशी झाली, तर सगळ्यात उंच बिंदूवरचा डोळा नवा शेंडा होऊन बसतो. तिथून एक दांडगी फूट सरळ आभाळाकडे निघते आणि तिच्यापुढची फांदी दुबळी राहते. आपले लिंबू-संत्रेवाले अशा माजलेल्या उभ्या फुटीला पानसोट म्हणतात. ती टाळायची तर फांदीला आधी बांबू बांधायचा आणि बांबू आडवा करायचा, म्हणजे फांदी रुळासारखी सरळ राहते.

दुसरा बारकावा घाईचा. कोवळी फूट पहिल्याच महिन्यात आडवी केली, तर ती वाढायचीच थांबते आणि दोन हातांची लांबी कधी मिळत नाही. म्हणून पहिला हंगाम तिला साधारण ४५ अंशांत ठेवायचं, हवी तेवढी लांब होऊ द्यायचं आणि हंगाम सरताना तारेवर उतरवायचं. डावीकडची आडवी फांदी, म्हणजे झाडाचा डावा हात, जोरात आणि उजवा मागे पडला, तर मागे पडलेल्याला थोडं वर उचलायचं, पुढे गेलेल्याला थोडं खाली आणायचं. काही आठवड्यांत दोन्ही बरोबरीला येतात. कात्री न लावता, निव्वळ कोन बदलून झाडाचा जोर इकडून तिकडे नेता येतो. हे एकदा आपल्या डोळ्यांनी पाहिलं, की माणूस या पद्धतीच्या प्रेमातच पडतो.

दुसरी गोष्ट काडीच्या वयाची. बहुतेकांचे प्रयोग फसतात ते इथे. सफरचंद आणि नाशपातीला फळ लागतं ते प्रामुख्याने दोन वर्षांच्या आणि त्याहून जुन्या लाकडावरच्या आखूड फुटींवर. अशी फूट एकदा तयार झाली की तीच पुढे कित्येक वर्षं फळ देत राहते. म्हणून या दोन झाडांना आडव्या, कायमच्या हातांची रचना शोभते: मधे उभं खोड, दोन्ही बाजूंना समांतर तारांवर समोरासमोर हात. पीचचं तसं नाही. पीच फळतं मागच्या वर्षी वाढलेल्या काडीवर, आणि एकदा फळून गेलेली काडी पुन्हा फळत नाही. तिला कायमचे आडवे हात दिले, तर चार वर्षांत हात उघडेबोडके आणि फळ फक्त टोकाला. म्हणून मोंत्रईवाले पीचला पंख्याचा आकार देत आणि दर वर्षी फळलेली काडी कापून तिच्या बुडाशी राखलेली नवी काडी तिच्या जागी बांधत. ते चिंध्या-खिळ्यांचं काम दर वर्षी नव्याने करावं लागे ते याच कारणाने. आकाराची निवड माळ्याच्या आवडीवर सोडलेली नाही. ती झाडाच्या फळण्याच्या सवयीने ठरते.

इंग्लंडमधल्या घरामागच्या बागेत सफरचंद असं वाढवतात. जाड गॅल्व्हनाइज्ड तारा ४० ते ४५ सेंटीमीटर अंतराने ताणायच्या. फांद्या नसलेलं एक वर्षाचं कलम लावायचं आणि पहिल्या तारेच्या उंचीवर, खाली तीन चांगले डोळे बघून, सरळ छाटून टाकायचं. नवख्या माणसाचा हात इथे थबकतो, कारण नर्सरीतून आणलेलं झाड गुडघ्याएवढं होऊन उभं राहतं. पण तीन डोळ्यांतून तीन फुटी येतात. एक वर, एक डावीकडे, एक उजवीकडे. पुढच्या वर्षी उभी फूट दुसऱ्या तारेशी कापायची. असा एका वर्षाला एक मजला. दोन मजले एका वर्षात उरकायचा मोह आवरायला हवा, कारण झाडाचा जोर स्वभावतः वर जातो आणि वरचा मजला एकदा बळावला की खालचा कायमचा रोडावतो.

त्यानंतर दर वर्षीची खरी छाटणी उन्हाळा सरताना होते. हिवाळ्यात, पानं गळलेली असताना कापलं तर मुळांत साठवलेलं अन्न तसंच्या तसं असतं आणि वसंतात ते थोड्या उरलेल्या डोळ्यांवर तुटून पडतं. झाड सूड घेतल्यासारखं फुटतं. पानांनी भरलेलं असताना कापलं, तर अन्न तयार करणारी पानंच जातात, जोर ओसरतो आणि उरलेल्या फुटींवर ऊन पोचतं. फ्रेंच बागायतदार लुई लोरेट याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही उन्हाळी छाटणी नीट बांधून दिली. तिचं सोपं रूप आजही चालतं: ऑगस्टच्या सुमारास हातावरून निघालेली प्रत्येक लांब नवी फूट बुडापासून तीन पानं ठेवून कापायची.

आणि या सगळ्याच्या बुडाशी खुंट. ज्या मुळांवर कलम बांधलंय ती मुळंच दांडगी असतील, तर वर कितीही बांधा, झाड ऐकत नाही. इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या ईस्ट मॉलिंग इथे १९१३ मध्ये फळसंशोधन केंद्र सुरू झालं. युरोपात नर्सऱ्यांमधून नाना नावांनी फिरणारे बुटके सफरचंदाचे खुंट तिथे रोनाल्ड हॅटन यांनी गोळा केले, वेगळे केले, त्यांना क्रमांक दिले. त्यातला एम ९ हा खुंट जगभर गेला. आज हिमाचल आणि काश्मीरमध्ये तारांवर जी दाट सफरचंद लागवड दिसते, तिच्यातही हे मॉलिंगचे खुंट आहेत.

झाडाला असं बांधणं म्हणजे त्याच्यावर जबरदस्ती, असं काहींना वाटतं. मला तसं वाटत नाही, आणि कारण फळात दिसतं. मोठ्या गोल झाडाच्या पोटात ऊन शिरत नाही. तिथली पानं फारसं अन्न बनवत नाहीत, तिथलं फळ फिकं आणि बारीक राहतं, ओल टिकून बुरशी माजते. वीतभर जाडीच्या झाडात आतला भागच नाही. प्रत्येक पानाला ऊन, प्रत्येक फळाला रंग. एकूण फळं मोठ्या झाडापेक्षा कमी, हे मान्य. पण एका चौरस मीटर जमिनीच्या हिशेबाने ती भरपूर आणि प्रत्येक हाताशी.

महाराष्ट्रात हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. नाशिक-सांगलीच्या कुठल्याही द्राक्षबागायतदाराला ‘ओलांडा’ म्हणजे काय ते विचारा. वेलीचं खोड सरळ वर नेऊन त्याचे दोन हात तारेवर आडवे पसरायचे, ते ओलांडे. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून ओलांड्यावरच्या काड्या एक-दोन डोळ्यांवर आणायच्या. त्यातून नव्या काड्या येतात, त्यांचे शेंडे खुडून जोर आवरायचा, काडीतल्या डोळ्यांना ऊन मिळेल अशी विरळणी करायची, म्हणजे डोळ्यात सूक्ष्मघडनिर्मिती होते. मग ऑक्टोबरच्या फळछाटणीला, घड बसलेल्या डोळ्यांवर मालकाडी राखायची. थंड देशांत द्राक्षाची छाटणी वर्षातून एकदा, हिवाळ्यात होते. आपल्याकडे वेलीला झोपवणारी थंडीच नाही, म्हणून एक छाटणी काडी घडवायला आणि एक फळ काढायला, असं हे दोन वेळचं गणित आपल्या बागायतदारांनी बसवलं. कोन, काडीचं वय, शेंडा, ऊन, सगळं यात आलं. मोंत्रईच्या पीचवाल्याला आपल्या बागेत उभं केलं, तर भाषा कळली नाही तरी हाताचं काम त्याला ओळखू येईल.

मग आपल्या घरामागच्या पट्टीत काय लावावं? सफरचंदाच्या मागे मी लागणार नाही. बहुतेक जातींना हिवाळ्यात शेकडो तास कडक थंडी लागते. कमी थंडीवर फळणाऱ्या जाती आता विकत मिळतात, पण पहिला प्रयोग त्यांच्यावर करू नये. आंबाही नको. आंब्याला मोहोर येतो तो पक्व काडीच्या शेंड्याला, आणि ही पद्धत म्हणजे सतत शेंडे खुडणं. चिकूचंही बहुतेक तसंच. नव्या फुटीवर फळणारी झाडं आपल्याला हवीत: अंजीर, पेरू, तुती, लिंबू, आणि थोडी काळजी घेतली तर डाळिंब.

यात अंजिराला पहिला मान. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा जातिवंत कलम मिळणंही अवघड नाही. अंजिराचं फळ चालू हंगामाच्या नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत लागतं. जपानमध्ये अंजिरासाठी एक सरळ, देखणी रचना वापरतात. खोड गुडघ्याच्या उंचीवर थांबवायचं, दोन हात एका आडव्या तारेवर दोन्हीकडे दीड-दीड मीटर पसरायचे. त्या हातांवरून वीतभर अंतराने एक समोरच्या, एक मागच्या बाजूला अशा उभ्या फुटी घ्यायच्या आणि वरच्या तारांना सुतळीने बांधायच्या. प्रत्येक पानाच्या बगलेत एक फळ, खालून वर क्रमाने पिकत जाणारं. हंगाम झाला की सगळ्या उभ्या काड्या एक-दोन डोळ्यांवर परत. म्हणजे हा ओलांडाच. फक्त वेलीऐवजी झाडाचा. आपल्याकडे मीठा बहार, म्हणजे उन्हाळ्याच्या सुमारास पिकणारं पीक, धरायचा तर ही छाटणी पावसाळा सरताना येते. पानांवरचा तांबेरा हे अंजिराचं पावसाळ्यातलं मोठं दुखणं. एका पातळीतल्या झाडातून वारा खेळतो, पानं लवकर सुकतात आणि तेवढं ते दुखणं आटोक्यात राहतं.

हातावरचा एखादा डोळा फुटतच नसेल आणि तिथे मोकळी जागा पडत असेल, तर खाच पाडावी. ही युक्ती पुणे भागातल्या अंजीरवाल्यांची जुनी आहे. जुलैच्या सुमारास, साधारण आठ महिन्यांच्या जोमदार फांदीवर, झोपलेल्या डोळ्याच्या लगेच वर अडीच सेंटीमीटर लांब आणि एक सेंटीमीटर रुंद अशी सालीची तिरकी पट्टी धारदार चाकूने काढायची. सालीतून खाली उतरणारा ऑक्झिनचा प्रवाह तेवढ्यापुरता तुटतो आणि डोळा जागा होतो. खाच डोळ्याच्या वर हवी. खाली पाडली तर परिणाम उलटा.

पेरू त्यानंतर. पुण्याच्या गणेशखिंड केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी १९२७ मध्ये निवडलेला लखनौ ४९, म्हणजेच सरदार, हा मुळात पसरट वाढणारा पेरू आहे. तारेसाठी तो आयताच आहे. पेरूचं फूल नव्या फुटीवर, पानांच्या बगलेत येतं. म्हणून फूट अर्धी कापली की जी नवी फूट येते ती फुलं घेऊन येते. लखनौच्या केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेने दोन मीटर बाय एक मीटर इतक्या दाट लागवडीत पेरू बुटका ठेवून दाखवला तो याच जोरावर. आणि पश्चिम बंगाल-बांगलादेशातले पेरूवाले फांद्या वाकवून दोरीने खुंट्यांना बांधतात, शेंड्याकडची थोडी पानं ठेवून बाकीची काढून टाकतात. आडव्या फांदीवर ओळीने फुटवे येतात आणि त्यांना कळ्या. एस्पॅलियरचं नावही न घेता चाललेलं हे एस्पॅलियरच आहे. पेरूची काडी कधी वाकवायची हे ती स्वतःच सांगते. कोवळी असताना ती चौकोनी असते, बोटांत धरली की चार कडा लागतात. कडा गेल्या, काडी गोल आणि तपकिरी झाली, की वाकवायला उशीर झाला; ती बुडाशी चिरते.

डाळिंबाला खोड एक नको, चार-पाच खोडं पंख्यासारखी पसरावीत. मात्र तेल्या रोग कात्रीतून पसरतो, तेव्हा एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री निर्जंतुक करण्यात हयगय नको.

भिंतीबाबत आपली गोष्ट मोंत्रईच्या उलट आहे. त्यांना ऊब साठवायची होती. आपली पश्चिमेची भिंत एप्रिल-मेमध्ये दुपारी इतकी तापते की पानं करपतात, फळाची साल भाजते. म्हणून खिळे भिंतीत ठोकू नयेत. भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे लोखंडी अँगल रोवून त्यावर तारा ताणाव्यात. मागून वारा खेळतो, भिंतीला ओल येत नाही, पायाला मुळांचा त्रास कमी होतो, आणि मागून हात घालून छाटणीही करता येते. पूर्वेचं ऊन मिळणारी जागा सगळ्यात चांगली. उत्तर-दक्षिण ताणलेल्या तारेला दोन्ही अंगांनी ऊन मिळतं. पूर्व-पश्चिम भिंत असेल, तर सूर्याचं एक लक्षात ठेवावं: पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेकडे असतो. त्या अडीच महिन्यांत भिंतीच्या दक्षिण अंगाच्या झाडाला ऊन कमी मिळतं. बहुतेक झाडांना ते मानवतं, पण तुतीसारखं झाड उत्तर अंगाला लावलं तर हिवाळाभर ते उन्हाला पारखं होतं.

बांधायला तांब्याची किंवा लोखंडी तार कधीही वापरू नये. काडी जाड होते, तार होत नाही. एका पावसाळ्यात ती सालीत रुतून बसते. साधी सुतळी उत्तम. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फेर घ्यावा, एक कडं काडीभोवती, एक तारेभोवती, मधे पीळ. वर्षभरात सुतळी आपोआप कुजून सुटते आणि आपल्याला झाड पुन्हा न्याहाळून बांधावं लागतं, हा तिचा फायदाच धरावा.

नर्सरीतून रोप घेताना उंच, डेरेदार, फळ लागलेलं रोप घेण्याचा मोह होतो. आपल्याला हवं ते उलट: लहान, एकदांडी, बुडापासून फूटभर उंचीपर्यंत जिवंत डोळे असलेलं. अंजिराचं छाट कलम, डाळिंबाची गुटी, पेरूचं दाब कलम. लावणी पावसाळ्याच्या तोंडी. आपल्याकडे झाड वर्षभर वाढतं, त्यामुळे युरोपात चार वर्षांत होणारे मजले इथे दोन-अडीच वर्षांत होतात; पण त्याच कारणाने कात्री वर्षातून एकदा चालवून भागत नाही. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी झाडापुढून चालत जावं आणि पुढे-मागे तोंड काढलेली फूट दोन बोटांनी खुडावी. खत जपून द्यावं. नत्र जास्त झालं की झाड पुन्हा उभ्या फुटींच्या मागे लागतं आणि सगळी बांधाबांध वाया जाते.

पहिल्या वर्षी आलेली फुलं काढून टाकावीत, हात लांब होऊ द्यावेत. पेरूचा मृग बहार धरला, म्हणजे उन्हाळ्यात पाणी तोडून ताण दिला आणि जूनच्या पावसावर फुलू दिला, तर फळं नोव्हेंबरपासून थंडीत येतात. ती गोड असतात आणि फळमाशीचा उपद्रवही पावसाळी फळांइतका नसतो. तरीही फळ लिंबाएवढं झालं की प्रत्येकाला कागदी किंवा जाळीची पिशवी चढवावी. मोठ्या झाडावर हे काम कुणी करत नाही, कारण शिडी लावूनही निम्मी फळं हाताला लागत नाहीत. इथे सगळ्या तारा खांद्याच्या खाली आहेत आणि पाच फुटांवर उभं राहिलं तर झाडावरचं प्रत्येक फळ दिसतं. तासाभरात सगळ्या पिशव्या चढवून होतात.